‘वेल’ आणि ‘टँक’

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला ‘वेल’ म्हणजे विहीर आणि ‘टँक’ म्हणजे तळे एवढे सांगितले की त्याचे काम भागते. पुढे जन्मभर या दोन शब्दांची अधिक विचारपूस करण्याची गरज त्याला सहसा पडत नाही. जमिनीच्या दस्तऐवजांत, नगरपालिकांच्या ठरावांत आणि न्यायालयांच्या निवाड्यांत हे शब्द जोडीने येतात. भारतीय राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदात तर ते एकमेकांना खेटून बसले आहेत. रोजच्या सहवासामुळे ते सख्खे भाऊ वाटावेत. परंतु त्यांची कुळे अगदी वेगळी आहेत. ‘वेल’ हा इंग्लंडच्या मातीतला जुना शब्द. ‘टँक’ हा इंग्रजांना समुद्र ओलांडल्यावर, आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या आसपास भेटलेला. एकात पाण्याची स्वतःची हालचाल सांगितलेली आहे, दुसऱ्यात माणसाने पाण्याला घातलेला बांध आहे. हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा असता तर त्यासाठी वर्तमानपत्राचे रकाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण हिंदुस्थानात या दोन शब्दांच्या पोटात पाण्याच्या मालकीचा, स्पर्शाचा आणि रोगराईचा प्रश्न शिरला, आणि त्याचे परिणाम हाडामांसाच्या माणसांना भोगावे लागले.

जुन्या इंग्रजीत ‘वेल’ म्हणजे झरा. (इंग्रजीत ‘ठीक’ या अर्थाने येणारा ‘वेल’ हा निराळा शब्द आहे, आणि मराठीतल्या वेलीशी तर त्याचे दुरूनही नाते नाही.) ज्या क्रियापदापासून हा शब्द निघाला त्याचा अर्थ उकळणे, खदखदणे, उसळणे असा होता. चुलीवरच्या आधणात बुडबुडे तळातून वर येतात, तसे जमिनीच्या पोटातून पाणी वर येताना दिसते; त्या दृश्याला हे नाव मिळाले. याच कुळातील ‘वेले’ या जर्मन शब्दाचा अर्थ लाट असा आहे. आजच्या इंग्रजीतही डोळ्यांत पाणी दाटून आले हे सांगताना हाच शब्द क्रियापद म्हणून वापरतात, आणि तेथे कोणी काही खणलेले नसते.

इंग्लंडच्या गावांच्या नावांत हा जुना अर्थ अजून टिकून आहे. सॉमरसेट परगण्यातील ‘वेल्स’ हे लहानसे शहर तेथील मोठ्या ख्रिस्तमंदिराजवळ उसळणाऱ्या झऱ्यांवरून ओळखले जाते. लंडनच्या दक्षिणेस ‘टनब्रिज वेल्स’ येथे १६०६ साली लोहयुक्त पाण्याचा झरा सापडला आणि हवापालटासाठी जाणाऱ्या श्रीमंतांची तेथे रीघ लागली. लंडनमधील ‘क्लार्कनवेल’ हा भागही अशाच एका पाण्याच्या नावाने वसला. डर्बीशर परगण्यात टिसिंग्टनसारख्या खेड्यांतून वर्षातून एकदा झऱ्यांना फुलांच्या पाकळ्यांनी रचलेल्या चित्रांची सजावट करतात. त्या सणाच्या इंग्रजी नावात ‘वेल’ हाच शब्द आहे, पण सजावट होते ती वाहत्या झऱ्याची, खणलेल्या विहिरीची नव्हे.

मग झऱ्याची विहीर कशी झाली? वस्ती वाढली, वर आलेले पाणी पुरेनासे झाले, आणि माणसे पाण्याच्या शोधात खाली गेली. झऱ्यापर्यंत पोचण्यासाठी खणलेल्या कूपाला झऱ्याचेच नाव चिकटले, आणि पुढे झरा विसरला जाऊन कूप तेवढा उरला. अर्थाचा हा प्रवास तेथेही थांबला नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात १८५९ साली खनिज तेलासाठी जे भोक पाडले गेले त्यालाही ‘वेल’च म्हणतात. जिन्याच्या मधल्या उभ्या पोकळीला आणि दौतीच्या खळग्यालाही इंग्रजीत हाच शब्द जोडून येतो. पाणी गेले आणि पोकळी राहिली! मराठीने येथे अधिक स्मरणशक्ती दाखविली आहे असे म्हणावे लागेल. विहीर खणताना आपल्याकडे पाणी ‘लागते’, झरे ‘जिवंत’ असतात, आणि आडातच नसेल तर ते पोहऱ्यात येणार नाही हे म्हणीतून सांगितले जाते. विहिरीचे पाणी विहिरीचे नसून झऱ्याचे आहे, ही जाणीव या बोलण्यात जागी आहे.

‘टँक’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि अधिक मनोरंजकही. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल या दोघा विद्वानांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजीतील शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जो प्रसिद्ध कोश केला, तो १८८६ साली प्रसिद्ध झाला. या शब्दाच्या बाबतीत एक चमत्कारिक योग त्यांच्या नजरेस आला. पोर्तुगीज भाषेत ‘तांक’ असा शब्द आहे. पाणी अडविणे, थोपविणे या अर्थाच्या ‘इश्तांकार’ या पोर्तुगीज क्रियापदाशी त्याचे नाते दिसते. इकडे गुजरातीत ‘टांकुं’ आहे. अहमदाबादच्या जुन्या पोळांतून घराच्या चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्यासाठी बांधलेली टांकी अजूनही पाहावयास मिळतात. मराठीत ‘टाके’ आहे, आणि ते तर डोंगरी किल्ल्यांचा प्राणच. सिंहगडावर जाऊन देवटाक्याचे पाणी न पिता परत आलेला मनुष्य विरळा. उच्चार सारखा, अर्थही जवळपास सारखा. मग इंग्रजांनी शब्द घेतला तो कोणाकडून?

मराठी माणसाला येथे अभिमानाचा मोह पडतो. दगड फोडण्याच्या हत्याराला आपण टाकी म्हणतो. टाकीने कोरलेले ते टाके, हे कानाला इतके सरळ वाटते की शब्द आपलाच, असा निकाल देऊन मोकळे व्हावे. पण पुरावा थोडा आवरून धरावयास लावतो. कान्हेरी, जुन्नर, नाशिक येथील लेण्यांत दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली पाण्याची टाकी आहेत, आणि ती कोणी दान दिली हे सांगणारे ब्राह्मी लिपीतले लेखही आहेत. त्या प्राकृत लेखांत शब्द येतो तो ‘पोढि’, ‘टाके’ नव्हे. वस्तू दोन हजार वर्षांची आहे म्हणून तिचे आजचे नावही तितकेच जुने असे म्हणता येत नाही.

दुसरा पुरावा पोर्तुगीजांचा. वास्को द गामा १४९८ च्या मे महिन्यात कालिकतला उतरला. त्याच्या सफरीची जी दैनंदिनी उपलब्ध आहे तीत एका देवळाचे वर्णन आले आहे. ते देऊळ या मंडळींना ख्रिस्ती चर्च वाटले, आणि भिंतीवरच्या देवता त्यांना संतमंडळी वाटल्या, हा भाग निराळा. त्या देवळाखाली दगडी बांधकामाचा एक मोठा ‘तांक’ होता आणि तसे अनेक वाटेत दिसले होते, असे दैनंदिनीकार लिहितो. जहाजातून उतरून फार दिवस झाले नव्हते. आणि जेथे ते उतरले तो मुलूख मलयाळम भाषेचा, गुजराती-मराठीचा नव्हे. तेव्हा हा शब्द त्याने लिस्बनहून स्वतःबरोबरच आणला असला पाहिजे, हे अनुमान टाळणे कठीण आहे.

उलट बाजूने एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याची साक्ष काढता येते. बादशहा जहांगीराकडे वकील म्हणून आलेल्या सर टॉमस रो याचा तो धर्मोपदेशक. १६१७ साली बादशहाचा मुक्काम मांडूच्या किल्ल्यावर होता, आणि तेथे रोच्या मंडळींना पाण्याच्या टंचाईने बेजार केले. इंदूरकरांना मांडू परिचित आहे. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये जहाजासारखा उभा असलेला महाल तेथे आहे, शेजारी चंपा बावडी आहे. पावसाळ्यात पाण्यावर तरंगणाऱ्या त्या गडावर उन्हाळ्यात काय स्थिती होत असे, हे त्या परक्या लोकांनी अनुभवले. या देशात नद्यांखेरीज पुष्कळ तळी आहेत आणि त्यांना ‘हे लोक’ टँक म्हणतात, असे टेरीने लिहून ठेवले. त्याचा वृत्तांत १६२५ मध्ये इंग्लंडात छापला गेला. म्हणजे इंग्रजाच्या समजुतीप्रमाणे तरी शब्द देशी होता. पण टेरी ज्या सुरतेच्या बंदरातून आला तेथे पोर्तुगीजांचा शंभर वर्षांचा वावर झालेला होता. किनाऱ्यावरच्या दुभाष्याच्या तोंडचा शब्द पोर्तुगीज कोणता आणि गुजराती कोणता, हे नवख्या पाद्र्याला कसे कळावे?

अशा शब्दांची छाननी ज्यांनी जन्मभर केली ते सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो हे गोमंतकीय, बार्देशातील आसगावचे. आशियातील भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ साली निघाला. त्याचा इंग्रजी अनुवाद बडोदा कॉलेजचे प्राध्यापक सोआरिश यांनी केला आणि तो १९३६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. गोव्यातील विद्वानाचे काम बडोद्याच्या राज्याने जगापुढे आणावे, ही गोष्ट त्या दोन्ही ठिकाणच्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ‘टँक’पुरते बोलावयाचे तर दोन उगमांचे पाणी एका पात्रात मिसळले, असे मानणेच सयुक्तिक दिसते. किनाऱ्यावर दोन सारख्या ध्वनींचे, सारख्या अर्थाचे शब्द एकमेकांना भेटले, त्यांनी एकमेकांना बळकटी दिली, आणि इंग्रजाने ते दोन्ही मिळून एकच म्हणून उचलले.

इंग्लंडात गेल्यावर या शब्दाने तळे सोडले आणि तो पेटीत शिरला. पाणी, तेल, वाफेच्या यंत्राचे इंधन यांच्या बंद पात्राला टँक म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात १९१५ साली लिंकन शहरात पोलादी चिलखताची जी अजस्र गाडी गुप्तपणे तयार होत होती, तिचे खरे स्वरूप कामगारांनाही कळू नये म्हणून तिला काहीतरी निरुपद्रवी नाव हवे होते. ‘पाणी वाहणारी गाडी’ असे नाव प्रथम सुचले. पण त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘डब्ल्यू. सी.’ हा शौचकूप डोकावतो हे ध्यानात येताच तो विचार सोडण्यात आला, आणि डिसेंबर १९१५ मध्ये ‘टँक’ हे नाव कायम झाले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर ती गाडी प्रथम उतरली. मराठीने तिच्यासाठी ‘रणगाडा’ हा स्वतंत्र शब्द घडविला, हे उत्तम केले. नाहीतर सिंहगडचे टाके आणि सोमचा टँक यांची एकाच नावाने गाठ पडली असती. घराच्या गच्चीवरची आणि मोटारीतली मात्र ‘टाकी’च राहिली.

आता हे दोन शब्द हिंदुस्थानात परत कसे नांदले ते पाहावयाचे. आपल्याकडे पाण्याच्या जागांना नावे भरपूर. विहीर आहे, अरुंद तोंडाचा आड आहे, पायऱ्या उतरून जाण्याची बारव आहे. तळे, तलाव, कुंड, पुष्करणी, हौद, टाके आहेत. कोकणीत विहिरीला ‘बांय’ म्हणतात आणि झऱ्याला ‘झर’. पोर्तुगीजांनीही खणलेली विहीर आणि वाहता झरा यांना दोन वेगळे शब्द ठेवले होते; पणजीच्या ‘फोंताइन्याश’ या वस्तीच्या नावाचा अर्थच लहान झरे असा आहे. इंग्रजी कारकुनापाशी मात्र सोयीची दोनच खाती होती. पाण्यापर्यंत खोल जावे लागते ते ‘वेल’, आणि पाणी पसरून उघडे पडलेले दिसते ते ‘टँक’. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील, कुष्ठ बरे करणारे म्हणून आख्यायिका असलेले सूरजकुंड इंग्रजी प्रवासवर्णनांत टँक झाले. हैदराबादचा, १५६२ च्या सुमारास बांधलेला हुसेनसागर, ज्यात गावेच्या गावे मावतील, तोही टँकच. त्याच्या धरणावरून हैदराबादहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही ‘टँक बंड’ म्हणतात. या नावातला ‘बंड’ हा फारशी ‘बंद’ आणि ‘टँक’ वर सांगितल्याप्रमाणे. सारे नाव इंग्रजी वाटावे आणि त्यात मूळचे इंग्रजी अक्षर नसावे!

मुंबईत तर टँक हा शब्द तळ्यांपेक्षा चिवट ठरला. नळाचे पाणी आले, तळी बुजली. ज्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘छोडो भारत’चा ठराव झाला ते मैदान गवळ्यांच्या गुरांच्या तळ्याच्या नावाने ‘गोवालिया टँक’ म्हणून ओळखले जात होते. धोबी तलावाला तलाव नाही, सी. पी. टँकला टँक नाही.

बेळगावने याच्या उलट प्रकार केला. १९२४ च्या डिसेंबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली तेथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. गंगाधरराव देशपांडे यांच्या नेतृत्वाखाली तयारी चालू असता एवढ्या मोठ्या मेळाव्याला पाणी पुरवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला, आणि टिळकवाडी भागात एक मोठी विहीर खणण्यात आली. इंग्रजीत तिला ‘काँग्रेस वेल’ म्हणतात. पण अधिवेशनाच्या नगरीला विजयनगर हे नाव दिलेले असल्यामुळे संयोजकांनी विहिरीचे नाव ठेवले ‘पंपासरोवर’. पाणी ज्यांनी आपले मानले त्यांनी तिला विहीर असूनही सरोवर म्हटले. कारकुनाच्या दोन खात्यांची पर्वा केली नाही.

परंतु खाती जेथे निर्णयाला येतात तेथे गोष्ट इतकी सोपी राहत नाही. प्रथम रोगाचे पाहू. नारूचा रोग पिढ्यान् पिढ्या या देशात होता. रोग्याच्या पायाला फोड येतो, तो पाण्यात उतरला की फोडातून कृमीची पिल्ले पाण्यात जातात, पाण्यातला एक सूक्ष्म जीव ती गिळतो, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होतो. यावरून दिसेल की, कठडा असलेल्या आणि दोरीने पाणी शेंदण्याच्या विहिरीत नारूला शिरकाव मिळत नाही. पायऱ्यांच्या बारवेत आणि उघड्या तळ्यात मिळतो. म्हणजे रोगाच्या दृष्टीने बारव ही विहिरीची बहीण नसून तळ्याची आहे. इंग्रजीत मात्र ती ‘पायऱ्यांची वेल’ होऊन विहिरींच्या सदरात बसली. १९८३-८४ पासून नारू निर्मूलनाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालला त्यात गावोगावच्या पायऱ्यांच्या विहिरींना कठडे बांधून त्या शेंदण्याच्या विहिरी करणे हे एक मुख्य काम होते. जुलै १९९६ मध्ये शेवटचा रोगी आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. अहिल्याबाई होळकरांसारख्या पुण्यशील व्यक्तींनी यात्रेकरूंसाठी बांधलेल्या बारवांचे सौंदर्य वादातीत आहे. पण पाण्यापर्यंत पाय नेणाऱ्या त्या सुंदर पायऱ्यांनी नारूलाही वाट करून दिली, हेही तितकेच खरे. इंग्लंडलाही असा अनुभव आला होता. लंडनमध्ये १८५४ च्या पटकीच्या साथीत ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाखालच्या विहिरीचे पाणी रोग पसरवीत आहे, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखविले. ज्या शब्दाचा अर्थ एकेकाळी स्वच्छ उसळता झरा असा होता, त्याच शब्दाच्या पाण्यात आता मैला झिरपत होता.

रोगाहूनही कठीण प्रश्न स्पर्शाचा आणि मालकीचा. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मराठीत ‘हौद’ म्हटल्याबरोबर चित्र स्पष्ट होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून नळाने पाणी आणून शहरात हौद भरण्याची सोय झाली, तेव्हापासून पुण्याची हौदाशी ओळख आहे. हौदात भांडे बुडवूनच पाणी घ्यावे लागते. बुडविणाऱ्याचा हात पाण्याला लागतो. ज्या समाजात स्पर्श हाच वादाचा विषय होता तेथे हौद खुला करणे म्हणजे काय, हे त्या वेळच्या पुणेकराला समजावून सांगावे लागले नसेल. इंग्रजीत ही घटना लिहिणाऱ्यांपैकी काहींनी ‘वेल’ लिहिले, काहींनी ‘टँक’. ‘वेल’ वाचणारा दोर-बादली डोळ्यांसमोर आणतो, ‘टँक’ वाचणारा तळे. जोतीरावांनी जे धाडस केले ते दोघांच्याही हातून थोडेसे निसटते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य वर्गांना वापरू द्याव्यात, अशी त्याची शिफारस होती. ठरावाच्या इंग्रजी शब्दांत ‘वेल’ होती. ‘टँक’ वेगळा सांगितलेला नव्हता, तो पाणवठ्यांत धरावयाचा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे घागरींनी ‘शुद्धीकरण’ झाले, आणि ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी दिवाणी दावा लावला. तळे वापरण्याचा अनादिकालापासून चालत आलेला हक्क आपलाच, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे पाण्याच्या जागेचे स्वरूप हाच मुद्दा पुढे आला. विहिरीला तोंड असते, दोर असतो, बहुधा एखाद्या वाड्याची किंवा देवळाची भिंत असते. कोणाला अडवायचे तर एका जागी उभे राहून अडविता येते. चार-पाच एकरांचे उघडे तळे सर्व बाजूंनी अडविण्याला मनुष्यबळ लागते, सत्ता लागते, किंवा निदान काठावर सभोवार घरे लागतात. दावा खालच्या न्यायालयांतून हरत हरत मुंबई उच्च न्यायालयात गेला. १७ मार्च १९३७ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी या जागेचे वर्णन लहान सरोवर किंवा मोठे तळे असे केले. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड. चवदार तळे कधी आणि कसे झाले हे कोणालाच ठाऊक नाही, त्यात पाणी येते ते पावसाच्या ओघाचे आणि काही नैसर्गिक झऱ्यांचे, असे पुराव्यावरून दिसत होते. भोवती स्पृश्य हिंदूंची घरे उभी राहण्यापूर्वी या पाण्यापासून कोणाला दूर ठेवण्याचा प्रयत्न झाला असेल, याविषयी न्यायालयाला शंका वाटली. अनादि रूढी सिद्ध झाली नाही, आणि अपील फेटाळण्यात आले.

या दाव्याच्या कागदपत्रांत ‘टँक’ हा शब्द पानोपानी आला आहे. पण तळ्याच्या तळाशी झरे होते, म्हणजे जुन्या सॅक्सन माणसाने त्यांनाच ‘वेल’ म्हटले असते. माणसाने अडविलेले पाणी आणि आपण होऊन उसळणारे पाणी, दोन्ही त्या एका पात्रात होती. त्यांपैकी कोणत्या पाण्यावर कोणाचा अनादि हक्क पोचतो, हे वादींना सांगता येण्यासारखे नव्हते.

दहा-अकरा वर्षांनी, १९४८ साली, घटनेचा मसुदा प्रसिद्ध झाला. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकरच होते. धर्म, वंश, जात, लिंग यांमुळे कोणाही नागरिकाला ज्या ठिकाणांपासून वंचित ठेवता येणार नाही त्यांच्या यादीत ‘वेल’ आणि ‘टँक’ हे दोन्ही शब्द अनेकवचनात, शेजारी शेजारी लिहिले गेले होते. एकाच शब्दावर भागविले नाही. महाडच्या अनुभवानंतर एखादा वकील उभा राहून हे तळे आहे, विहीर नव्हे, असा युक्तिवाद करील ही शक्यता उघडी ठेवण्यात आली नाही. मराठीत त्यांचे ‘विहिरी’ आणि ‘तलाव’ झाले. ‘टाके’ कोणी लिहिले नाही, आणि लिहिले असते तर ते गडकोटापुरतेच समजले गेले असते. संविधान सभेत मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा मात्र एक उणीव राहिल्याचे लक्षात आले. नदीच्या पायऱ्या ना ‘वेल’मध्ये बसत होत्या, ना ‘टँक’मध्ये. म्हणून त्या दोन शब्दांच्या पाठोपाठ स्नानाचे ‘घाट’ घालण्यात आले. आणि इंग्रजी मसुद्यातही तो शब्द ‘घाट’ असाच राहिला.